मोतीबिंदूच्या मशीनची 'पॉवर' किती असावी?

"लेसरने मोतीबिंदू काढून आलो जी," असे सांगणारा रुग्ण माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एखादा तरी येतो. त्याच्याजवळचा कागद पाहिला तर त्यावर बहुधा 'फॅको' असे लिहिलेले असते. फॅको म्हणजे लेसर नव्हे. या शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ झालेले भिंग ध्वनीच्या कंपनांनी फोडतात आणि शोषून घेतात. हा नुसता शब्दाचा घोळ असता तर त्यावर लेख लिहिण्याची गरज नव्हती. पण लेसर म्हटले की लोकांची अशी समजूत होते की बटण दाबले, किरण गेला आणि मोतीबिंदू विरघळला. मग तो यंदा काढला काय अन् तीन वर्षांनी काढला काय, सारखेच. प्रत्यक्षात तसे नाही. मशीनला किती जोर लावावा लागेल हे मोतीबिंदू किती कठीण झाला आहे यावर ठरते, आणि जास्त जोर लागला की त्याचा त्रास डोळ्याच्या एका नाजूक भागाला होतो.

दुसऱ्या बाजूला शिकलेली मुले-मुली आईवडिलांना घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, कुठल्या कंपनीचे मशीन चांगले? पॉवर किती टक्के ठेवायला सांगू?" मी नेत्रतज्ज्ञ नाही. परंतु रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी पाठवणारा आणि नंतर त्याच्या शंका ऐकणारा डॉक्टर म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला नेहमीच द्यावे लागते. म्हणून आज ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्या डोळ्यातले भिंग आंब्यासारखे आहे असे समजा. बाहेर अगदी पातळ साल, आत मऊ गर आणि मध्यभागी कोय. तरुणपणी हे सारे स्वच्छ, पारदर्शक असते आणि कोयही मऊच असते. वय वाढते तशी कोय मोठी होते, घट्ट होते, पिवळसर पडते. पुढे तिचा रंग मधासारखा आणि शेवटी तपकिरी होतो. नेत्रतज्ज्ञ रंग पाहून तिच्या कठीणपणाला पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशी श्रेणी देतात. शस्त्रक्रियेत पुढच्या सालीला गोल खिडकी पाडायची, आतली कोय आणि गर काढायचा, आणि मागची साल शाबूत ठेवून त्या रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचे असते. प्रश्न एवढाच की नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचे हे भिंग अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून बाहेर कसे काढायचे?

याचे उत्तर अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या खुर्चीत सापडले. दातांवरचे कीटण काढणारे अल्ट्रासाउंडचे उपकरण पाहून त्यांना वाटले की दाताला धक्का न लावता हे कीटण निघते, तर डोळ्याला धक्का न लावता भिंगही फोडता येईल. १९६७ साली त्यांनी माणसाच्या डोळ्यावर पहिला प्रयोग केला. त्या पहिल्या वेळी अल्ट्रासाउंड एक तासाहून अधिक काळ चालवावे लागले. आज तेच काम पुष्कळदा काही सेकंदांच्या प्रभावी वेळेत होते. मधल्या साठेक वर्षांत या क्षेत्रात ज्या सुधारणा झाल्या, त्यांतील बऱ्याचशा एकाच दिशेने झाल्या आहेत. अल्ट्रासाउंड कमीत कमी वापरून काम कसे साधेल, हा त्यांचा विषय.

आता 'पॉवर' म्हणजे काय ते पाहू. शल्यविशारदाच्या हातात पेनासारखे एक साधन असते. त्याच्या टोकाला सुमारे एक मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची पोकळ सुई असते. आतमध्ये असे स्फटिक असतात की विजेचा दाब बदलला की त्यांची लांबी किंचित कमी-जास्त होते. त्यामुळे सुई सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा मागेपुढे हलते. माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी तो अल्ट्रासाउंड. पोटाची सोनोग्राफीही अल्ट्रासाउंडनेच करतात, पण तिची कंपने सेकंदाला लक्षावधी असतात, जोर अगदी सौम्य असतो आणि ती काहीही फोडत नाही. तेव्हा सोनोग्राफीवरून फॅकोची कल्पना करू नये.

मशीनच्या पडद्यावर पॉवर टक्क्यांत दिसते. पुष्कळांना वाटते की पॉवर वाढवली म्हणजे सुई जास्त वेगाने हलते. तसे होत नाही. सेकंदाला किती कंपने हा आकडा जवळपास कायम असतो; वाढते ते प्रत्येक कंपनाचे अंतर. पूर्ण पॉवरवर हे अंतर साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही थोडे कमी असते. पॉवर निम्मी केली की सुईचा फेराही निम्मा होतो. छिन्नीवर हातोडा मारताना हात किती उंच उचलता, तसेच हे.

हा जोर कोयीला फोडतो. परंतु सगळाच जोर कोयीत खर्ची पडत नाही. काही भाग उष्णतेत जातो, काही भाग भोवतालच्या पाण्यात लाटा आणि सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतो. फुटलेले तुकडेही त्या जागेत उसळतात. आणि ती जागा केवढी? डोळ्याच्या पुढची काच, म्हणजे पारपटल, आणि भिंग यांच्यामधले अंतर जेमतेम तीन मिलिमीटर.

या पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. दर चौरस मिलिमीटरला प्रौढ माणसात साधारण अडीच ते तीन हजार पेशी. त्यांचे काम पंपाचे. पारपटलात सतत झिरपणारे पाणी त्या बाहेर उपसत राहतात, म्हणून आपली काच काचेसारखी राहते. या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात, इतकेच. मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत त्यांतील काही जातातच, आणि निसर्गाने शिल्लक भरपूर ठेवलेली असल्याने बहुतेकांना काही फरक पडत नाही. पण संख्या घटत घटत काही शेंवर आली तर पंप कमी पडतो, पारपटल सुजते, पांढुरके होते. भिंग नवे, स्वच्छ, आणि पुढची काच मात्र धूसर! मग पारपटलाचे रोपण करण्यावाचून मार्ग उरत नाही.

उष्णतेचे म्हणाल तर नागपूरकरांना कूलरच्या पंपाचे उदाहरण पुरे. पाणी संपल्यावर पंप तसाच चालू राहिला तर तो जळतो. फॅकोच्या सुईभोवतीही थंड राखणारे द्रव सतत वाहत असते. सुईचे तोंड बुजले आणि तो प्रवाह थांबला, तरी पाय पॅडलवर दाबलेलाच राहिला, तर काही सेकंदांत छेदाच्या कडा भाजू शकतात. भाजलेली कड आक्रसते, नीट मिटत नाही, टाके घालावे लागतात आणि डोळ्याचा वाकडा नंबर वाढतो. म्हणून तरबेज सर्जन आधी प्रवाह सुरळीत आहे ना हे पाहतो आणि मगच अल्ट्रासाउंड सुरू करतो.

पॅडलचा उल्लेख आला आहे तर तेही सांगतो. मशीनवर साठ टक्के लिहिले म्हणजे सर्व वेळ साठ टक्के जोर चालतो असे नाही. ती वरची मर्यादा असते. सर्जनच्या पायाखाली शिलाई मशीनसारखे पॅडल असते. थोडे दाबले की नुसते पाणी आत येते, आणखी दाबले की शोषण सुरू होते, आणि त्याही पुढे दाबले की अल्ट्रासाउंड. बहुतेक मशीनमध्ये पाय जसा खाली जाईल तशी पॉवर शून्यापासून त्या मर्यादेपर्यंत वाढते. स्कूटरची मूठ कुणी घरापासून सीताबर्डीपर्यंत पूर्ण पिळून ठेवत नाही, तद्वतच.

पॉवर वाचवण्याचे खरे कसब मात्र निराळ्याच ठिकाणी आहे. गुळाची भेली फोडायची तर एक जण वरून दणके घालत बसेल. दुसरा योग्य जागी सुरी रोवून दाब देईल आणि भेली दुभंगेल. लाकूड जसे त्याच्या रेषेने फाटते, तशी कोयही विशिष्ट रेषांनी फाकते. जपानचे डॉ. नागाहारा यांनी १९९३ च्या सुमारास ही 'चॉप' पद्धत दाखवली. सुईने कोय पकडायची, दुसऱ्या हातातील बारीक आकड्याने ती फाकवायची, आणि लहान फाका शोषणाच्या जोरावर सुईत ओढून घ्यायच्या. जे काम पूर्वी अल्ट्रासाउंडने कोरून करावे लागे, त्यातले पुष्कळसे हातानेच झाले.

मशीनही सुधारली. अल्ट्रासाउंड अखंड न चालवता तुकड्यातुकड्यांनी चालवता येऊ लागला. एक क्षण जोर, एक क्षण विश्रांती. विश्रांतीत सुई थंड होते आणि दूर उडालेला तुकडा शोषणाने परत तोंडाशी येतो. पुढे आडव्या दिशेने हेलकावे घेणारी सुई आली. ती तुकड्याला मागे ढकलत नाही, त्यामुळे तो सुईशी टिकून राहतो. शिवाय पेशींचा थर वाचवण्यासाठी एक घट्ट, पारदर्शक जेल आत भरतात. ते मधल्या गादीसारखे काम करते.

ज्यांना हिशेब आवडतो त्यांच्यासाठी एक साधा हिशेब देतो. समजा, सरासरी ४० टक्के पॉवर ६० सेकंद अखंड वापरली. म्हणजे पूर्ण जोराची २४ सेकंदे झाली. याला फॅकोचा प्रभावी वेळ म्हणतात. तेच काम निम्मा वेळ बंद, निम्मा वेळ चालू असे केले तर १२ सेकंदे होतात. शस्त्रक्रियेच्या शेवटी मशीन असा काही आकडा दाखवते. मात्र दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवरचे आकडे सारखे नसतात, त्यांची पद्धतही निराळी असते. तेव्हा "शेजारच्या काकांचा आकडा आठ होता, माझ्या आईचा वीस कसा?" असे म्हणून सर्जनशी भांडायला जाऊ नये. काकांची कोय मऊ असेल!

हे वाचून कुणी म्हणेल, मग पॉवर अगदी कमीच ठेवा ना! तेही चुकीचे ठरते. कठीण कोयीवर अपुरा जोर लावला तर सुई तिला कापत नाही, नुसती ढकलते. भिंगाची पिशवी ज्या बारीक तंतूंनी टांगलेली असते त्यांच्यावर ताण येतो. ते तुटले किंवा मागची साल फाटली तर साधी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. उलट मऊ मोतीबिंदूत पुष्कळदा नुसत्या शोषणानेच काम भागते आणि अल्ट्रासाउंड नावाला लागतो. तिथे उगाच जास्त पॉवर ठेवली तर सुई कोयीतून आरपार जाऊन मागच्या सालीला लागण्याची भीती. म्हणून 'पॉवर किती?' या प्रश्नाला सर्वांसाठी एकच आकडा नाही. कोयीची श्रेणी, डोळ्यातील जागा, पारपटलातील पेशींची शिल्लक आणि सर्जनचा हात यांवरून, त्याच शस्त्रक्रियेत टप्प्याटप्प्याला, ती ठरते.

या चौघांपैकी एक गोष्ट मात्र रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती असते. ती म्हणजे कोयीची श्रेणी. इथे आपल्याकडचा जुना सल्ला आडवा येतो: "मोतीबिंदू पिकू द्या." हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. पूर्वी संपूर्ण भिंग काढून टाकत, छेद दहा-बारा मिलिमीटरचा असे, टाके पडत, आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आयुष्यभर लावावा लागे. जोवर थोडेफार दिसते आहे तोवर एवढी उठाठेव न करण्यातच शहाणपण होते. आता काळ बदलला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा जो मोठा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. त्या सुमारास शाळेच्या वर्गांत आणि मांडवात होणाऱ्या शस्त्रक्रिया रुग्णालयात आल्या आणि कृत्रिम भिंग सामान्य माणसापर्यंत पोचले. शस्त्रक्रिया बदलली, सल्ला मात्र घरोघरी जुनाच राहिला. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढील लोकांमधील अंधत्वाला ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदूच कारणीभूत आढळला. म्हणजे उपाय हाताशी असूनही तीन आंधळ्यांपैकी दोघे त्याविना राहिलेले.

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार माझे जुने रुग्ण. पहिल्यांदा झाड आणि माणूस यांत घोटाळा होऊ लागला तेव्हाच मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगितले होते. आधी आंबिया बहार, मग मुलीचे लग्न, मग "उन्हाळ्यात नको, थंडी पडू द्या," असे करता करता चार वर्षे गेली. एका डोळ्याने हाताची बोटेही मोजता येईनात तेव्हा गेले. कोय तपकिरी, दगडासारखी. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण पॉवर बरीच लागली आणि पट्टी काढल्यावर सारे धुक्यात! तीन आठवडे पारपटलाची सूज होती. घरचे म्हणू लागले, डॉक्टरने डोळा बिघडवला. हळूहळू सूज उतरली आणि नजर चांगली आली. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन त्यांनी सहा महिन्यांतच, भर एप्रिलमध्ये केले. दुसऱ्याच दिवशी ते मोबाइलवरची अक्षरे वाचत होते. सर्जन तोच, मशीन तेच. फरक कोयीचा. आणि ऋतूचे म्हणाल तर आज बाराही महिने शस्त्रक्रिया सुरक्षित होतात; थंडीची वाट पाहण्याचे काही कारण नाही.

फार पिकलेला मोतीबिंदू नुसता कठीण होतो असेही नाही. कधी तो फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब एकाएकी वाढवतो. डोळा लाल, असह्य दुखणे, उलट्या. अशा वेळी रुग्ण पित्ताची गोळी घेत बसला तर नजर कायमची जाऊ शकते.

मग ज्यांना आधीच उशीर झाला आहे त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी एक दिलाशाची बाब आहे. अल्ट्रासाउंड अजिबात न वापरता, सहा-सात मिलिमीटरच्या आपोआप मिटणाऱ्या छेदातून अख्खी कोय बाहेर काढण्याची पद्धत आहे. तिला एसआयसीएस म्हणतात. यातही बहुधा टाका लागत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर, नवा चष्मा देण्यापूर्वी ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर फॅकोच्या गटात ८१ टक्के लोकांना होती, तर एसआयसीएसच्या गटात ७१ टक्के लोकांना. (६/१८ म्हणजे निरोगी माणसाला अठरा मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून दिसणे.) योग्य चष्मा लावल्यावर दोन्ही गटांत हे प्रमाण ९८ टक्के झाले. थोडक्यात, चष्म्यावरचे अवलंबन फॅकोत कमी, पण डोळा दोन्हींत तितकाच चांगला. नेपाळमध्ये डॉ. सांडुक रुईत यांच्या गटाने केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर वाढलेल्या मोतीबिंदूंमध्ये पहिल्या दिवशीची पारपटलाची सूज एसआयसीएसमध्ये कमी आढळली. वेळ आणि खर्चही कमी.

तेव्हा नागपूरच्या मेडिकलमध्ये, मेयोमध्ये किंवा एखाद्या शिबिरातून नेलेल्या रुग्णालयात सर्जन म्हणाले, "यांचा मोतीबिंदू फार कठीण आहे, फॅकोऐवजी दुसऱ्या पद्धतीने करू," तर आपल्याला स्वस्तातला माल दिला असे समजू नये. तो निर्णय पुष्कळदा रुग्णाच्या हिताचाच असतो. मला तर अशा सर्जनविषयी आदर वाटतो, कारण 'बिनटाक्याचे, लेसरचे' अशी जाहिरात करून गिऱ्हाईक मिळवणे त्यांना सहज शक्य असते.

लेसरविषयी दोन शब्द सांगून टाकतो. गेल्या पंधराएक वर्षांत खरोखरच लेसरचे एक महागडे मशीन आले आहे. ते छेद घेण्याचे, सालीला खिडकी पाडण्याचे आणि कोयीला भेगा पाडण्याचे काम करते. त्यानंतरही तुकडे काढण्यासाठी बहुधा फॅकोची सुई लागतेच. दुसरे लेसर म्हणजे याग. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागची साल धुरकट झाली तर ती साफ करायला ते वापरतात. त्याला लोक 'मोतीबिंदू परत आला' म्हणतात. तो परत येत नाही.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना विचारायचेच असेल तर पॉवरच्या आकड्याऐवजी हे विचारा: कोय कितपत कठीण आहे? पारपटलाच्या पेशी मोजण्याची गरज आहे का? मधुमेह असलेल्यांनी, पूर्वी डोळ्याला मार लागलेल्यांनी, डोळ्याची दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि ज्यांना सकाळी उठल्यावर जास्त धूसर व दुपारनंतर बरे दिसते त्यांनी ही चौकशी जरूर करावी. सकाळचे हे धुके पारपटलाचे पंप आधीच थकल्याचे लक्षण असू शकते. लघवीच्या त्रासासाठी, म्हणजे प्रोस्टेटसाठी, टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर तेही सांगा. त्या गोळीने बुबुळ ढिले पडते आणि सर्जनला आधी कळले तर तो तशी तयारी ठेवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस थोडे धूसर दिसणे, विशेषतः मोतीबिंदू कठीण असेल तर, नवलाचे नाही. ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवे. उलट दुखणे वाढले, लाली वाढली, आलेली नजर कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा. माझ्यासारख्याच्या दवाखान्यात रांगेत बसून वेळ घालवू नका, आणि मेडिकल स्टोअरमधून थेंब आणून तर मुळीच टाकू नका.

सुटी होताना मिळणारा कागद जपून ठेवा. त्यावर कोयीची श्रेणी, भिंगाचा नंबर आणि वापरलेली पद्धत लिहिलेली असते. कुठे कुठे फॅकोचा वेळही असतो. नसेल तर लिहून मागा. दुसऱ्या डोळ्याची पाळी येईल तेव्हा सर्जन दुसरे असले तरी त्या कागदावरून त्यांना पहिल्या डोळ्याने किती जोर मागितला होता ते कळेल.